साखळी घातली का?

दाजी,

तुमचं सोनं शोधायचं मशीन आता इथे ओमानात, बरक्याला माझ्या खोलीवर आहे. ताईनं ते स्वतःहून दिलं. म्हणाली, "फ्लॅटमध्ये दाराआड उभं दिसलं की वाटतं, हे आत्ता शुक्रवारचे निघतील. तू घेऊन जा." मी ते आणून खिडकीशी उभं केलं. खालच्या गोल थाळीच्या कडेला अजून वाळू चिकटलेली आहे. ती पुसायला हात होत नाही.

तुम्ही वादी कबीरच्या तुमच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या तरी गाडीचं बॉनेट उघडून वायर तपासत असताना गेलात. सगळे म्हणाले, चांगलं मरण आलं, कळलंसुद्धा नाही. मला काही ते पटलं नाही. ज्या माणसाचं एवढं बोलायचं शिल्लक आहे, त्याला असं न सांगता मरण येऊ नये.

आपलं भांडण तुम्हाला आठवतच असेल. मी म्हणायचो, आमच्या आईला साखळीचं सांगून टाका. तुम्ही म्हणायचात, सापडली की तिच्या हातात ठेवतो आणि मगच सांगतो. दरवर्षी हेच. तर दाजी, साखळी सापडलेली नाही आणि मी आईला सांगून आलो आहे. लगेच रागावू नका. काय झालं ते सांगतो, पण पहिल्यापासून सांगतो. मधलं काही गाळलं की तुम्हीच मला अडवायचात, "पाव्हणं, आधी फ्यूज बघा, मग बॅटरीला शिव्या घाला." आम्हा साताऱ्याकडच्या लोकांची नक्कल करत तुम्ही मला पाव्हणं म्हणायचात. इतकी वर्षं ऐकून कान किटले होते. आता कुणी म्हणत नाही.

त्या वर्षी मी ओमानला नवा होतो. तुम्हीच बोलावलं होतंत, तुम्हीच बरक्याच्या पंप-पाइपच्या दुकानात चिकटवून दिलं होतंत. तुमच्या घरच्या दीड दिवसाच्या गणपतीला मी आलो आणि पहिल्यांदा मला या देशात बरं वाटलं. मूर्ती लहानशी, शाडूची, गावाहून विमानात मांडीवर घेऊन आणलेली. तिच्या गळ्यात आईची साखळी. आईची ती एकुलती एक साखळी, ताईला लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला दिलेली. मी तान्हा असताना ती ओढून तोडली होती म्हणे. मग सोनारानं मधे जरा जाड कड्या घालून जोड दिला. तो जोड लांबूनही दिसायचा आणि ताई मला त्यावरून चिडवायची.

विसर्जनाला तुम्ही बरक्याचा किनारा धरलात. तिथे कोळ्यांच्या होड्या सोडल्या तर कुणी नसतं. आपण चौघंच, तुम्ही, ताई, मी आणि शाळकरी ईशा. गाजावाजा करायचा नाही, उजेड आहे तोवर उरकून निघायचं, म्हणून तुमची घाई. घरी उत्तरपूजा झाली. तुम्ही चांदीचा मोदक काढलात, चांदीच्या दूर्वा काढल्यात, फुलांचा हार निर्माल्यात टाकलात. कापसाचं वस्त्र मात्र अंगावर राहू दिलंत, तुमच्या घरी तशीच पद्धत म्हणून. साखळी त्या वस्त्राखाली होती.

किनाऱ्यावर मी गुडघ्याच्या पुढे गेलो नाही. तुम्ही कोकणातले, तुम्ही छातीभर पाण्यात गेलात, मूर्ती तीनदा बुडवून सोडलीत आणि तळाची मूठभर वाळू पाटावर घेऊन आलात. घरी त्या वाळूची आरती झाली. मग ताईनं दागिने ठेवायला डबी उघडली.

कुणी ओरडलं नाही. ताई एवढंच म्हणाली, "साखळी?" तुम्ही पाटाकडे बघितलंत. उठलात, स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणलीत आणि ती मूठभर वाळू गाळायला बसलात. ओली वाळू गाळणीतून पडेना, तर तुम्ही ती बोटानं दाबून पाडत होतात. शिंपल्यांचे तुकडे निघाले. ईशा विचारत होती, "बाबा, व्हॉट आर यू कुकिंग?" मला हसू येत होतं आणि तुमच्याकडे बघवतही नव्हतं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "साखळी घातली का गणपतीला?"

तुम्ही म्हणालात, "घातली होती, आई."

फोन ठेवल्यावर मी तुमच्याकडे बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "यात खोटं काय आहे? घातली होतीच. काढली नाही, एवढंच." आणि तोंड धुवायला निघून गेलात.

मशीन आलं ते तुमच्या गॅरेजमधूनच. एक इंग्रज गृहस्थ कायमचा मायदेशी चालला होता, गाडी विकण्याआधी तुमच्याकडे घेऊन आला, आणि डिकी उघडल्यावर तुम्हाला हे दिसलं. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. तुम्ही त्याला विचारलंत, हे सोनं शोधतं का. तो म्हणाला, शोधतं, पण त्याहून जास्त बाटल्यांची बुचं शोधतं. तुम्ही त्याच्या गाडीचं काम करून दिलंत आणि मशीन ठेवून घेतलंत.

तेव्हापासून तुमचा शुक्रवार ठरला. पुढे सरकारनं सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार केली, लोकांनी आपापले बेत बदलले, तुमचा शुक्रवार काही हलला नाही. सकाळी वादी कबीरहून निघून माझ्या दाराशी हॉर्न वाजवायचात. मी डोळे चोळत खाली यायचो, तुम्ही थर्मासमधला चहा माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "यल्ला पाव्हणं," म्हणजे चला. ओहोटीच्या ओल्या वाळूत तुम्ही थाळी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत सावकाश चालायचात आणि मी मागून फावडं घेऊन. मशीननं कुईं केलं की मी खणायचो. बूच. पुन्हा खणायचो. कोक-पेप्सीच्या डब्याची कडी. तुम्ही मला समजावलं होतंत की त्या कडीचा आणि सोन्याच्या अंगठीचा आवाज अगदी एकसारखा येतो, म्हणून प्रत्येक कडी खणावीच लागते, कंटाळा करून चालत नाही. खारट ओल्या वाळूत तर मशीन उगाचही बोलायचं. त्यावर तुम्ही म्हणायचात, "हे तुझ्या ताईसारखं नाही. ती बोलली की काहीतरी असतंच." ताईपर्यंत हे मी कधी पोचवलं नाही, त्याबद्दल तरी माझे आभार माना.

कोळी आपल्याला ओळखायला लागले. जाळी आवरता आवरता विचारायचे, "दहब?" सोनं मिळालं का? तुम्ही हात हलवून सांगायचात, "दहब माफी." आज नाही. ते खो खो हसायचे आणि कधी कधी एखादी सुरमई तुमच्या पिशवीत टाकायचे. ती सुरमई तुम्ही माझ्या खोलीवर तळायचात, तिरफळं नाहीत म्हणून कुरकुरत. मला वाटतं, मला या देशात माणसासारखं जगायला त्या शुक्रवारांनी शिकवलं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. मेव्हण्यानं दाजींचे आभार मानायचे, ही आपल्यात पद्धतच नाही.

पुढच्या गणपतीला तुम्ही इथल्या रुवी बाजारातल्या सोनाराकडून तशाच वळणाची दुसरी साखळी आणलीत. तोवर फोनवर फोटो पाठवता यायला लागले होते. आईकडे शेजारचा पोरगा फोटो उघडून दाखवायचा. आईचा फोन आला, "साखळी घातली का?" तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, "घातली, आई. फोटो बघा."

मी तुम्हाला तेव्हाही बोललो आणि पुढेही बोलत राहिलो. म्हटलं, दाजी, ती म्हातारी बाई आहे, तिला फसवू नका. तुम्ही म्हणायचात, "म्हातारी आहे म्हणूनच. तिनं कशातून ती साखळी केली ते मला तुझ्या ताईनं सांगितलंय. जावयानं समुद्रात घालवली म्हणून सांगू?" मी म्हणायचो, गणपतीच्या अंगावर गेली ना, मग ती त्यालाच पावली, विषय संपला. तुम्ही म्हणायचात, "गणपती काय माझ्याकडे साखळी मागायला आला होता? खलास. खण."

एकदा मी सहज तुमच्या ओळखीच्या, मशीन बाळगणाऱ्या दुसऱ्या माणसाशी बोललो. त्यानं सांगितलं, बारीक साखळी मशीनला जवळजवळ ऐकूच येत नाही. अंगठी ऐकू येते, नाणं ऐकू येतं. साखळीची प्रत्येक कडी वेगळी आणि एवढीशी, वरून मशीन नेलं तरी गप्प. मी भडकलो. पुढच्या शुक्रवारी तुम्हाला विचारलं, हे माहीत आहे का तुम्हाला? तुम्ही हेडफोन गळ्यात उतरवलात. "त्या इंग्रजानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग इतकी वर्षं आपण काय करतोय?"

"जोडाच्या कड्या जाड आहेत," तुम्ही म्हणालात. "तेवढ्या बोलतील कधीतरी."

मी तान्हेपणी तोडली, तिथला तो जोड. त्यानंतर मी तुम्हाला शुक्रवारबद्दल कधी बोललो नाही.

आणि मधल्या काळात इतरांच्या वस्तू सापडत गेल्या. एका मल्याळी नर्सची साखरपुड्याची अंगठी, पोहायला गेलेल्या कुणाचं ब्रेसलेट. माणूस सापडेपर्यंत तुम्ही वस्तू जपून ठेवायचात आणि सापडला की स्वतः नेऊन द्यायचात. एकदा पोलिसांनी हटकलं, तर तुम्ही बिस्किटाचा डबा उघडून बुचांचा ढीग दाखवलात. ते हसले, फक्त जुन्या किल्ल्यांकडे, पडक्या वस्त्यांकडे हे नेऊ नका म्हणाले. तुम्ही कधी नेलं नाहीत. जमिनीत पुरलेल्याशी आपला संबंध नाही, हरवलेल्याशी आहे, असं तुमचं म्हणणं.

इब्रा गावातला दिवस मात्र मला कायमचा राहिला. तुमच्याकडे गाड्या दुरुस्तीला आणणाऱ्या सालिमच्या आईची अंगठी त्यांच्या खजुराच्या बागेत पाटाच्या पाण्यात पडली होती. सालिमनं तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही पहिल्यांदाच किनाऱ्याचा शुक्रवार सोडलात. नुकताच पाट साफ करून गाळ काठावर काढलेला होता. तुम्ही त्या गाळावर मशीन फिरवत होतात आणि म्हातारी झाडाखाली बसून एकटक बघत होती. अंगठी दुपारी मिळाली. तिनं ती पाण्यात खळबळून बोटात घातली, आणि सालिमला काहीतरी म्हणाली. सालिमनं हिंदीत सांगितलं, "अम्मा पूछती है, तुम्हारी माँ है?"

तुम्ही म्हणालात, "नहीं. सास है."

म्हातारी आत गेली आणि हलव्याचा डबा घेऊन आली. तो तुमच्या सासूसाठी. परतीच्या रस्त्यात तो डबा तुम्ही मागच्या सीटवर ठेवू दिला नाहीत. मला मांडीवर धरायला लावलात.

त्याच महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा तुम्ही तो डबा घेऊन साताऱ्याला आमच्याकडे आलात. आईनं हलवा बोटानं दाबून बघितला, चिकट आहे म्हणाली आणि तीनदा घेतला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "औंदा साखळी घातली का?" मी तुमच्याकडे बघितलं. तुमचं तोंड उघडलेलं मला दिसलं. शब्द ओठावर आलेला होता, दाजी, माझी खात्री आहे. मग तुम्ही म्हणालात, "घातली होती, आई." आईनं डब्याचं झाकण लावलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "रिकाम्या हातानं नाही रे सांगता येत."

शेवटच्या शुक्रवारी तुम्हाला धाप लागत होती. मी म्हटलं, आज बस करा. तुम्ही होडीला टेकून बसलात आणि मशीन माझ्या हातात दिलंत, "तू फिरव, मी चहा पितो." मी फिरवलं. नेहमीच्या कड्या निघाल्या. जाताना तुम्ही म्हणालात, "गणपती जवळ आला. यंदा आईला काय सांगायचं?" मी चिडून म्हटलं, "खरं." तुम्ही हसलात आणि गाडी सुरू केलीत.

तुम्हाला गावी नेलं. सगळं रीतसर झालं. आईचे गुडघे चालत नाहीत, तिला कोकणात आणता आलं नाही. दिवस झाल्यावर ताईनं रुवीची ती साखळी माझ्या हातात ठेवली. "आईला सांग. त्यांच्या तोंडून राहिलं, तुझ्या तोंडून तरी होऊ दे. त्यांच्या डोक्यावर हे नको राहायला." मी साताऱ्याला गेलो तो असा. वाटेत शब्द जुळवत होतो आणि पुन्हा मोडत होतो. तुम्हाला इतकी वर्षं का जमलं नाही ते मला एसटीत कळलं. जिवंत माणसाबद्दल सांगणं वेगळं. गेलेल्या माणसाची चूक त्याच्या मागे सांगायची, आणि तीही त्याच्या सासूला, हे फार वाईट काम आहे.

आई दारात बसून शेंगा फोडत होती. तुमचा विषय निघाला, ती रडली, पदरानं तोंड पुसून पुन्हा शेंगा घेतल्या. मी म्हटलं, "आई, साखळीबद्दल सांगायचं होतं."

ती म्हणाली, "कुठली? समुद्रात गेली ती?"

ती शेंगा फोडतच होती. म्हणाली, "आरं, पहिल्या फोटूत म्हटलं, जोड मागं गेला आसंल. दुसऱ्या वर्सालाबी मागंच. दर वर्सी जोड मागंच कसा जाईल? मग लेकीला खोदून इचारलं. लई आदीच कळलं मला."

"ताईनं सांगितलं होतं तुला?"

"मीच तिला म्हटलं, त्याला सांगू नगंस मला ठावं हाय म्हणून. त्याच्या तोंडानं येऊ दे."

"मग दरवर्षी विचारत का होतीस?"

आईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "म्हणून तर इचारत हुते. वाटायचं, औंदा तरी बोलंल आन मोकळा हुईल. तो हलवा घिऊन आला तवा तर मला वाटलं, आता बोलतोयच. बोलला आसता तर म्हणणार हुते, जाऊ द्या, देवाच्या अंगावर गेली, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता. येवढंच म्हणायचं हुतं मला." तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "म्हणायचं ऱ्हायलं."

तर दाजी, भांडण मी जिंकलो. देवाच्या अंगावर गेली, विषय संपला, हे मी म्हणत होतो तेच आईचंही म्हणणं होतं. तुम्हाला हे तोंडावर सांगून जिरवायला किती मजा आली असती. तुम्ही कसे दिसला असतात, हेडफोन गळ्यात, भर वाळूत उभे, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मला जिंकणं नको होतं, तुम्ही हवे होतात.

मी तुमची साखळी आईच्या हातात ठेवली. तिनं ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवली. कुठे जोड लागला नाही. "ही जावयानं आणल्याली," ती म्हणाली. मला वाटलं, ताईला परत द्यायला सांगेल. ती पाठमोरी झाली आणि मानेवरचा पदर खाली घेतला. "लाव मागनं. मला जमत न्हाई." माझ्या बोटांना धड कडी सापडेना. शेवटी लागली. मग तिनं पुन्हा सूप पुढ्यात ओढलं.

गणपती आता तोंडावर आलाय. तुमच्या घरी यंदा सण नाही, म्हणून मूर्ती माझ्या खोलीवर बसेल. ताई आणि ईशा येतील. आईचा फोन येईल, पण ती आता साखळीचं विचारणार नाही. तुम्ही विचारत असाल तर सांगतो.

घातली, दाजी. आईनं.